उष्टी चाल

भिंगरी हे काही बावन्न वर्षांच्या बाईचं नाव नव्हे. पण नवव्या वर्षी ती गोल गोल फिरत रंगमंचावर आली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि नाव जे चिकटलं ते चिकटलं. आता गुडघे कुरकुरतात, जिना चढला की कठडा धरून उभं राहावं लागतं, तरी नाट्यगृहाचा दरवान म्हणणार, "या भिंगरीताई." नवरा होता तोवर तोही हेच म्हणायचा.

नाव दिलं सुई आणि दोरा यांनी. एक चाली बांधणारा आणि एक शब्द लिहिणारा, अशी ही जोडी. चाली बांधणारे काका उंच, किडकिडीत, बोलणं टोचरं, म्हणून सुई. शब्द लिहिणारे काका बुटके, मवाळ, सदा त्यांच्या मागे, म्हणून दोरा. चाल आधी जायची, शब्द मागून ओवले जायचे. उभ्या हयातीत दोघांनी दुसऱ्या कुणाबरोबर एक ओळ केली नाही. कडाकडा भांडले, आठवडेच्या आठवडे अबोला धरला, पण गाणं करायचं तर दोघांनी मिळून. दोन वर्षांमागे सुईकाका गेले, यंदा दोराकाका. सुईमागून दोरा गेला, असं लोक म्हणाले. लोकांना काय, म्हणायला काहीतरी लागतं.

भिंगरीने ठरवलं की दोघांच्या गाण्यांचा एक प्रयोग करायचा, आपण एकटीने उभं राहून. त्यांची गाणी जिच्या गळ्यात जन्मभर राहिली, तिने नाही करायचं तर कुणी? नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाला मात्र तिच्या या जिव्हाळ्याचं काही पडलेलं नव्हतं. ही गाणी लोक आंघोळ करताना म्हणतात, त्यांना तिकीट कोण काढणार, नवं काय आहे ते बोला, असं तो म्हणाला. मग काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. त्यांचं शेवटचं गाणं आहे, अजून कुणीच ऐकलेलं नाही, असं भिंगरी सांगून बसली, आणि तारीख मिळाली.

प्रयोगाच्या दुसऱ्याच दिवशी तिची लेक निघणार होती. पोरगी लिहायची. दुसऱ्या शहरातल्या एका नाटक मंडळीने तिचं पहिलं नाटक घेतलं होतं, आणि तिने तिथेच राहून पुढचं लिहावं असं ठरलं होतं. भिंगरीला घर आतापासूनच रिकामं वाटू लागलं होतं हे खरं, पण आनंद त्याहून मोठा होता. आपण जन्मभर दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यालो. चाल दुसऱ्याची, शब्द दुसऱ्याचे, नावसुद्धा दुसऱ्याने ठेवलेलं. लेकीच्या तोंडी मात्र तिचेच शब्द असावेत, एवढी एक गोष्ट तिला या जगाकडून हवी होती. प्रवासाची बॅग तिनेच आणली आणि गाडीचं तिकीटही तिनेच काढलं.

आता उष्टं म्हणजे काय ते सांगायला हवं. चाल बांधताना सुईकाका नुसतं ला-ला करत नसत. गळ्याला शब्द लागतो, असं त्यांचं म्हणणं. मग समोर जे दिसेल ते चालीत कोंबायचे. लहानपणी दाराआडून भिंगरीने ऐकलं होतं, 'खुर्ची सरकव, पडदा ओढ, चष्मा कुठे मेला गेला'. असल्या भरताडावर चाल पक्की व्हायची आणि मग दोराकाका त्या जागी खरे शब्द बसवायचे. त्या भरताडाला दोघं उष्टं म्हणायचे. "उष्टं तयार आहे, ये," अशी वरच्या खोलीतून हाक आली की दोराकाका हातातलं काम टाकून जिना चढायचे. नियम एकच होता. उष्टं तिसऱ्याला द्यायचं नाही, आणि गाणाऱ्याने तर ते तोंडात घ्यायचंच नाही. शब्द लिहून झाले की दोराकाका बेसिनपाशी जाऊन चूळ भरायचे. एक नाही, दोन नाही, भरतच राहायचे. पोरवयात भिंगरीला त्याचं हसू यायचं. पुढे पुढे शिसारी येऊ लागली, कारण एकदा तिने त्यांच्यानंतर त्या बेसिनमध्ये पाहिलं होतं. काका काहीतरी खात खात लिहीत असतील, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

गाण्यासाठी ती दोराकाकांच्या घरी गेली. खालचा मजला दोराकाका आणि त्यांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा, वरची खोली सुईकाकांची. सुईकाकांनी लग्न केलं नाही, जन्म तिथेच काढला. भर दुपार होती, ऊन पायऱ्यांपर्यंत आलं होतं. काकू जिन्याच्या खालीच थांबल्या. वर यायला पाय दुखतात म्हणाल्या, पण रुमाल त्यांनी नाकाला लावला होता.

वर गेल्यावर भिंगरीला कारण कळलं. जेवणाचा डबा बंद करून विसरावा आणि आठवड्याने उघडावा, तसला वास. त्यात आणखी एक वास होता, सकाळी न धुतलेल्या तोंडाचा. खोली तर स्वच्छ होती. पियानो, स्टूल, दोन खुर्च्या, रिकामं कपाट, पुसलेली फरशी. तिने पियानोचं झाकण उघडलं आणि एक पट्टी दाबली. बोट चिकटलं. वास घेऊन पाहायचं तिच्या मनात आलं, आणि मग नाही घेतला. खिडकीतल्या कॅसेटी पिशवीत भरल्या आणि ती खाली आली.

शेवटची कॅसेट कोणती ते काकूंनी बोट दाखवून सांगितलं. हातात घेतली नाही.

"ने. पण ह्यांनी तिला शब्द लावले नाहीत, एवढं ध्यानात ठेव."

"का नाही लावले?"

"हे मला जाणार नाही, म्हणाले."

जेवताना माणूस म्हणतो तसंच काकूंनी ते म्हटलं. भिंगरीला वाटलं, आजारपणातलं बोलणं असेल.

घरी येऊन तिने कॅसेट लावली. चाल कानावर पडली आणि अंगावर काटा आला. इतकी सुरेख चाल त्या माणसाने आयुष्यात बांधली नव्हती. वर चढताना कुठे चढली कळू नये आणि उतरताना जीव हुरहुरावा. पण शब्द कळेनात. सुईकाकांचा आवाज तोच, टोचरा, पण तोंडात मोठा घास कोंबून गावं तसा. गालातून गालात काहीतरी फिरत होतं. ओळ संपली की गिळल्याचा आवाज यायचा, मग ओठ मिटल्याचा. भिंगरीने एकदा कॅसेट बंद केली आणि पाणी प्याली. मग पुन्हा लावली. चालच तशी होती.

आणि तिथेच ती चुकली. गाणाऱ्या बाईनेच करावी अशी चूक. दुसरा कुणी असता तर त्याने नुसती चाल उचलली असती. भिंगरी ऐकून शिकलेली. गुरूने खाकरलं तर शिष्येने खाकरावं, अशा तालमीत वाढलेली. शब्द कळत नाहीत तर आवाज तरी जसाच्या तसा उचलू, शब्द मागाहून बघू, असं म्हणून तिने गाल फुगवले, जीभ मागे ओढली आणि ते सगळं तोंडात घेतलं. चघळण्यासकट. नियम तिला आठवला, नाही असं नाही. पण नियम करणारे दोघंही आता नव्हते.

संध्याकाळचा चहा तिला कुणीतरी पिऊन ठेवल्यासारखा लागला. कप बदलून पाहिला, तरी तेच.

सकाळी उठली तर जिभेखाली काहीतरी मऊ होतं. बोटाने काढून रुमालावर ठेवलं. करडा, चावून चावून भुगा झालेला घास. रात्री तिने नुसतं दूध घेतलं होतं. तिने दात घासले, हिरड्यांतून रक्त येईपर्यंत घासले, आणि ब्रश कचऱ्यात टाकला. दुपारी दुसरा घास सापडला, दाढेमागे. त्याला चव होती, आणि ती तिच्या घरच्या कुठल्याच जेवणाची नव्हती.

दाताच्या डॉक्टरांकडे जाताना ती मुद्दाम उपाशी गेली. डॉक्टरांनी दिवा लावला, आत पाहिलं आणि मान जरा मागे घेतली. जेवून लगेच येऊ नये, निदान चूळ तरी भरावी, असं त्यांनी सौम्यपणे सुनावलं. दात चांगले आहेत म्हणाले.

मग बोलणंही नासलं. साधं 'दार लाव' म्हणायचं तरी तो शब्द ओठांशी ओलसर लागायचा, आधी कुणाच्या तरी तोंडून येऊन गेलेला. स्वतःचं नाव उच्चारलं तरी थुंकावंसं वाटायचं. ती घरात गप्प राहू लागली. प्रयोग जवळ आलाय, आई गळा जपतेय, असं लेकीला वाटलं, आणि ती बिचारी खुणांनी बोलू लागली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

भिंगरी पुन्हा काकूंकडे गेली. काकू ओट्याशी भांडी पुसत होत्या. भिंगरीने तोंड उघडून दाखवलं. काकूंनी बघितलं नाही. वासावरूनच त्यांना कळलं असावं.

"गायलीस ना?" त्या म्हणाल्या. "ती कॅसेट सुईच्या शेवटच्या आजारपणातली. तेव्हा त्याच्या तोंडात पाण्याचा थेंब जात नव्हता, भिंगरे. सगळं नळीने चाललं होतं."

भिंगरीने ओट्याची कड धरली. मग त्याच्या तोंडात काय होतं, हा प्रश्न दोघींनी विचारला नाही.

काकूंनी भांडी पुसता पुसताच पुढचं सांगितलं. लग्न झाल्यापासून ह्यांना माझ्या हातचं कधी धड गेलं नाही. वरून हाक आली की जायचे आणि उतरायचे ते पोट भरलेले. ताट तसंच राहायचं. मी एकदाच वर गेले, दार लोटलेलं होतं, फटीतून पाहिलं आणि परत फिरले. काय पाहिलं ते त्यांनी सांगितलं नाही. एकदा किळस बसली ना, की माणूस विचारायचं सोडतो, एवढंच म्हणाल्या.

"याला उपाय काय, काकू?"

"शब्द लावले की सुटायचं."

"दोराकाकांचं?"

काकूंचा हात थांबला. "सुईचं सुटायचं," त्या म्हणाल्या.

भिंगरीने त्यातलं 'सुटायचं' तेवढं धरलं. बुडत्याला काडीचा आधार. घरी येऊन ती कागद घेऊन बसली. पण ती शब्द गाणारी, लिहिणारी नव्हे. लिहिलेली प्रत्येक ओळ त्या दोघांच्याच कुठल्यातरी जुन्या गाण्यातली निघायची. चालीवर म्हणून पाहिली की तोंडातलं आणखी फुगायचं. दोन वेळा तिला न्हाणीघरात धावावं लागलं. तिथे जे पडलं ते तिने डोळे मिटून पाण्याने ढकललं.

प्रयोग तोंडावर आला. सकाळी ती चहाची भांडी विसळत होती आणि चाल तिच्या तोंडातून आपोआप निघाली. तिने काढली नव्हती. गाल भरलेले, ओठ ओघळलेले, तसलं ते घाणेरडं गाणं. ओट्याला टेकून लेक उभी होती. तिने मान तिरकी केली, दोन ओळी ऐकल्या आणि चालीवर सहज म्हटलं:

निघताना मी मागे पाहिले नाही,
दाराने माझी पाठ पाहिली.

भिंगरीचं तोंड स्वच्छ झालं.

एका क्षणात. जिभेवर नळाच्या पाण्याची गार, रिकामी चव आली. तिला रडू फुटलं. किती दिवसांनी ती स्वतःच्या तोंडात एकटी होती! लेकीला वाटलं, ओळी आवडल्या म्हणून आई रडतेय.

इथेच थांबवायला हवं होतं, हे भिंगरीला तेव्हाही कळत होतं. काकूंचा थांबलेला हात तिला आठवला. पण अंतरा राहिला होता, आणि अंतऱ्याचं थोडंसं अजून दाढेमागे होतं. एवढं एक होऊ दे, असं तिने मनाशी म्हटलं आणि अंतरा म्हणून दाखवला. लेकीने शब्द दिले. सुरेखच दिले. भिंगरीने दाढेमागे जीभ फिरवली. तिथे काही नव्हतं.

मग लेक बेसिनपाशी गेली आणि चूळ भरू लागली. बराच वेळ भरत होती. भिंगरीने नळाचा आवाज ऐकला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन पंखा मोठा केला.

प्रयोग रंगला. असा रंगला की व्यवस्थापक स्वतः मागच्या रांगेत उभा राहून ऐकत होता. भिंगरीने दोघांच्या गोष्टी सांगितल्या, भांडणं सांगितली, लोक पोट धरून हसले. शेवटी ती म्हणाली, आता त्यांचं शेवटचं गाणं, शब्द माझ्या लेकीचे. टाळ्या पडल्या.

ती गाऊ लागली. आवाज मोकळा होता. गुडघेसुद्धा दुखत नव्हते.

दुसऱ्या ओळीला तिने विंगेत पाहिलं. लेक उभी होती. ती गाणं ऐकत नव्हती. तिचा घसा हलत होता. भिंगरीची ओळ संपली की लेक गिळत होती. पुढची ओळ, पुन्हा गिळणं.

प्रेक्षक उठून उभे राहिले. भिंगरीने वाकून नमस्कार केला, कारण दुसरं काय करायचं ते तिला सुचलं नाही.

घरी आल्यावर लेकीने जेवण नको म्हटलं. पोट भरलंय म्हणाली.

सकाळी गाडी होती. भिंगरी लवकर उठली, लेकीच्या आवडीचं केलं, वाटेसाठी डबा भरला. दाराशी बॅग नव्हती. आत जाऊन पाहिलं तर कपडे पुन्हा कपाटात, नीट घड्या घालून. नाटकाचे कागद उशाशी होते. पानांवर ओळी होत्या, पण प्रत्येक ओळीत शब्दांच्या जागा मोकळ्या सोडलेल्या, चाल आली की भरायच्या.

लेक टेबलाशी बसली होती. ताट तिने बाजूला सारलं होतं.

"गाडी चुकेल," भिंगरी म्हणाली.

"आई, चाल दे ना."

"माझ्याकडे कुठली चाल? मी कधी चाल बांधली का? ऊठ, रिक्षा बोलावते."

लेक हसली, प्रेमानेच. ती तिच्या तोंडाकडे बघत होती. तेव्हा भिंगरीला कळलं की आपला जबडा हलतोय.

तोंडात तिने काही घातलं नव्हतं. तरी ते भरत होतं. गरम, मऊ, आणि त्याला सूर होता. नवीन, देखणा, कधीच न ऐकलेला.

तिने ओठ घट्ट मिटले. हे लेकीला द्यायचं नाही. हिला इथून जाऊ दे, हिचं तोंड हिचं राहू दे. हे आपल्याच पोटात घालायचं, जन्मभर घालायचं. डोळ्यांतून पाणी आलं, अंगाला घाम फुटला. तिने गिळायचा प्रयत्न केला. ते खाली जाईना. पुन्हा प्रयत्न केला. ते वरच आलं.

लेक खुर्ची सरकवून तिच्याजवळ आली. लहान मुलाच्या तोंडातलं काढून घेताना धरतात तसा तिने आपला तळहात आईच्या हनुवटीखाली धरला.

"थू कर, आई," ती हळूच म्हणाली. "झोपेत देतेस तसं."

भिंगरीने मान खाली घातली तेव्हा तिला दिसलं, तो तळहात आधीच ओला होता.